गाडी येईपर्यंत हौस टिकते का?

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्यांचे बुकिंग उघडले आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या नोंदल्या गेल्या. शोरूमच्या किमतीने हिशेब केला तर ८,४७२ कोटी रुपयांचा माल. चाकणच्या कारखान्यातून या गाड्या एका दमात निघणार नव्हत्याच. सर्वांत महाग ‘पॅक थ्री’ मार्चच्या मध्यापासून, ‘पॅक टू’ जुलैत आणि सर्वांत स्वस्त ‘पॅक वन’ ऑगस्टमध्ये, असे वेळापत्रक कंपनीने आधीच सांगितले होते. ज्याचा खिसा हलका त्याने जास्त थांबायचे, असा तो मामला.

बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात किंवा निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या पेठेत वीस-तीस लाखांची गाडी कोणी गुपचूप घेत नाही. पाडव्याला बुक करायची, खंडेनवमीला दारात हार घालून पूजा करायची, कुंद्याचे डबे वाटायचे. त्यामुळे बुकिंगची बातमी गल्लीभर होते आणि मग ‘काय वो, गाडी कवा यायलीय?’ सुरू होते. पहिल्या महिन्यात याचे उत्तर द्यायला मजा वाटते. चौथ्या महिन्यात माणूस विषय बदलतो. पुढे तोच म्हणायला लागतो, ‘बघूया की, घाई काय हाय?’ नव्याचे नऊ दिवस गाडी दारात येण्याआधीच संपलेले असतात.

उशीर झाला म्हणून हौस गेली, असे याचे सोपे उत्तर दिले जाते. मला ते पटत नाही. याच लोकांच्या वडिलांनी याहून कितीतरी लांबचा उशीर सोसला आणि त्यांची हौस तसूभरही कमी झाली नाही.

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघणाऱ्या बजाज चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून परदेशातला एखादा भाचा किंवा मेहुणा अचानक फार जवळचा होई. नंबर लागलेली स्कूटर वरचे पैसे घेऊन विकणारे होते, आणि लग्नाच्या बोलणीत ‘स्कूटर बुक केलेली आहे’ हे वाक्य वजनदार होते. प्रीमियर पद्मिनीचीही तीच तऱ्हा. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली आणि मोटारींची ती रांग पुढे हळूहळू ओसरली. तशी बेळगावला नव्या, महागड्या वाहनाची ओढ त्याच्याही आधीची आहे. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान काढले होते.

चेतकच्या रांगेत आणि आजच्या रांगेत एक मोठा फरक आहे. तेव्हा रांग पुढे सरकत नव्हती, पण आजूबाजूचे जगही सरकत नव्हते. आज बुक केलेली चेतक आणि आठ वर्षांनी हातात पडणारी चेतक यांत फारसा फरक नसे. शेजाऱ्याला दुसऱ्या कंपनीची, अधिक चांगली आणि स्वस्त गाडी मधल्या काळात मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. म्हणून हौस टिकली. आज रांग जेमतेम सहा महिन्यांची असते, पण त्या सहा महिन्यांत गाडीची किंमत, स्पर्धकांची मॉडेले, कराचे दर, विजेचे नियम, सगळेच हलत असते. माणूस जागेवर उभा आणि भोवतालचे सगळे चालते. हौस ओसरते ती यामुळे.

मानसशास्त्रवाल्यांनी वाट पाहण्यावर बरेच काम केले आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांचा १९८७ चा एक निबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले : तुमच्या आवडत्या सिनेकलावंताचे चुंबन मिळणार असेल तर ते आत्ता मिळावे म्हणून किती मोजाल, तीन तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी, वर्षाने, दहा वर्षांनी मिळणार असेल तर किती? सर्वाधिक भाव ‘आत्ता’ला मिळाला नाही, तीन दिवसांनी मिळणाऱ्या चुंबनाला मिळाला. थोडे थांबण्यात सुख आहे, कारण मनात ते आधीच उपभोगून होते. पण वर्षावर गेले की भाव उतरतो. गाडीच्या बाबतीत हा सुखाचा काळ नेमका किती, हे कोणी मोजलेले मला ठाऊक नाही. आमच्याकडे तो पाडव्यापासून मृगापर्यंत असावा, असा माझा अंदाज.

दुसरी उपयोगी मांडणी याकोव ट्रोप आणि निरा लिबरमन यांची. गोष्ट लांब असते तेव्हा माणूस ती ‘का’ हवी याचा विचार करतो. जवळ येते तसा ‘कशी’ जमवायची याचा. बुकिंगच्या दिवशी गाडी म्हणजे धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही, आणि पुण्याच्या मुलीच्या सासरी रुबाब. डिलिव्हरी महिन्यावर आली की तीच गाडी म्हणजे केबल, मीटर, विम्याचा हप्ता, आणि रात्री अकराला वीज गेली तर काय. इच्छा तीच राहते, फक्त तिला हिशेबाचे पाय फुटतात.

हिशेबाला या दोन-तीन वर्षांत खाद्यही भरपूर मिळाले. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर वजावट देणारे ८० ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होते. ‘पुढच्या वर्षी घेऊ’ म्हणणाऱ्यांच्या हातून ती गेली. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ ला पेट्रोलच्या लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, मोठ्या गाड्यांवरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाला आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या रातोरात स्वस्त झाल्या. इलेक्ट्रिक होती तिथेच राहिली. उन्हाळ्यात बुक करून दिवाळीची वाट पाहणाऱ्याने घातलेली बेरीज वजाबाकीत गेली.

त्यात मॉडेलांची रीघ. फेब्रुवारीत ज्यांनी एक्सईव्ही ९ई नोंदली, त्यांनी नोव्हेंबरात त्याच कंपनीची सात आसनी एक्सईव्ही ९एस १९.९५ लाखांपासून बाजारात आलेली पाहिली. मध्ये जूनमध्ये टाटांची हॅरियर ईव्ही २१.४९ लाखांपासून आली. मारुतीची ई-विटारा जानेवारी २०२५ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली, ऑगस्टमध्ये गुजरातच्या हंसलपूर कारखान्यातून पंतप्रधानांनी तिला झेंडा दाखवला, पण पहिल्या गाड्या युरोपला गेल्या आणि इथली विक्री २०२६ वर ढकलली गेली. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, त्याचाही फटका या उद्योगाला बसला. आपल्या गल्लीतली गाडी कधी येणार हे बीजिंगमध्ये ठरू शकते, हे ज्ञान शोरूममधल्या पोराने द्यावे, यातही एक गंमत आहे.

बॅटरी स्वस्त होत चालली आहे हे तर सर्वांत अवघड दुखणे. ब्लूमबर्ग एनईएफच्या दरवर्षीच्या पाहणीत २०२४ साली बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलरवर आली. २०१० मध्ये ती हजाराच्या वर होती. पुढच्या वर्षी हीच गाडी अधिक पल्ल्याची किंवा कमी पैशांत मिळणार असे एकदा डोक्यात बसले की आज घेणे मूर्खपणाचे वाटते, आणि पुढच्या वर्षीही तसेच वाटणार असते. संगणकाच्या धंद्यात याला ‘ऑस्बर्न परिणाम’ म्हणतात. ॲडम ऑस्बर्न हा बालपण रमण महर्षींच्या तिरुवण्णामलैत काढलेला माणूस. कॅलिफोर्नियात त्याने उचलून नेता येणारा संगणक खपवला. मग तयार नसलेल्या पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच केली, गिऱ्हाइकांनी हातातले मॉडेल घेणे थांबवले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले, अशी ती कथा. मोटार कंपन्या आज तेच करतात, फक्त त्यांचे दिवाळे निघत नाही. टांगणीला गिऱ्हाईक लागते.

इथवरचे सगळे नाशिकला किंवा नागपूरलाही लागू आहे. सीमाभागात मात्र हा हिशेब दुहेरी होतो.

निपाणीहून दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. निपाणीच्या माणसाला शोरूम कोल्हापूरचे जवळ, आरटीओ मात्र चिक्कोडीचे. पाटीवर केए २३ येणार की एमएच ०९, हा प्रश्न पेट्रोल गाडीच्या वेळीही होता. इलेक्ट्रिक गाडीत तो लाखांचा झाला. कर्नाटकाने २०१६ पासून इलेक्ट्रिक वाहनांना रस्ताकर माफ केला होता आणि २०१७ साली ईव्ही धोरण आणणारे ते देशातले पहिले राज्य. मार्च २०२४ मध्ये मात्र २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के आजीवन कर लागला. बीई ६ च्या पॅक थ्रीची शोरूम किंमत २६.९० लाख. म्हणजे बेळगावात अडीच लाखांच्या वर नुसता कर, आणि त्याच दिवशी कोल्हापुरात शून्य. महाराष्ट्रानेही मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला.

पण चित्र एकतर्फी नाही. कर्नाटकात पेट्रोल-डिझेलच्या वीस लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर आहे; महाराष्ट्रात पेट्रोलला १३. त्यामुळे २५ लाखांच्या आत राहिलेला कर्नाटकी गिऱ्हाईक करमाफीत कोल्हापूरकरापेक्षा जास्त वाचवत होता. साडेचोवीस लाखांची गाडी घेणारा हुशार आणि साडेपंचवीसची घेणारा भोळा, असा हा कडा सरकारने तयार केला. करमाफी हा हक्क नव्हे, सरकारची मर्जी असते. आणि कर लागतो तो बुकिंगच्या दिवसाच्या दराने नाही, नोंदणीच्या दिवसाच्या दराने. थांबण्याचा खरा धोका इथे आहे, आणि शोरूमवाले याबद्दल फार बोलत नाहीत.

मग कोल्हापूरच्या पत्त्यावर घ्या, असा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी जिथे साधारणपणे ठेवली जाते तिथल्या, राहत्या किंवा धंद्याच्या पत्त्यावर नोंदवायची असते, आणि दुसऱ्या राज्यात ती १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथे पुन्हा नोंदवावी लागते. ज्याची कागल एमआयडीसीत किंवा शाहूपुरीत खरी पेढी आहे त्याला हरकत नाही. मेहुण्याच्या फ्लॅटचा पत्ता देणाऱ्याने पुढची कटकट आताच मोजावी. शिवाय पाटीचा दुसरा अर्थ इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा दगड मारणाऱ्यांनी फक्त पाटीच वाचली होती. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते, अक्षरे तीच. १९५६ पासून सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहणाऱ्या भागाला सहा महिने गाडीची वाट पाहायला कोणी शिकवू नये, हे खरे. पण गाडीच्या बाबतीत निदान तारीख मागता येते.

टोलचेही असेच. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. निपाणीहून पुण्याला जाताना लागतात ते कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर. ‘ईव्हीला टोल माफ’ ही बातमी वाचून ज्यांनी मनातल्या मनात वर्षाचे पैसे वाचवले, त्यांची हौस पहिल्याच नाक्यावर थोडी उतरते.

घरची वीज हा तर स्वतंत्र धडा. निपाणीतला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा : पुढे पेढी, मध्ये चौक, मागे गोदाम, मीटर दर्शनी भिंतीवर आणि गाडी लावायची जागा बोळाच्या तोंडाशी. कंपनीचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा (महिंद्राने त्याचे ५० हजार वेगळे लावले होते, ११.२ किलोवॅटच्या चार्जरचे ७५ हजार) तर घरचा तीन किलोवॅटचा मंजूर भार पुरत नाही. हेस्कॉम या वीज कंपनीकडे भार वाढवण्याचा अर्ज, अनामत, जाड केबल. वायरमन येतो, मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब पाहतो आणि मान हलवतो. वाड्याचे अर्थिंग म्हणजे आजोबांच्या काळातला मीठ-कोळशाचा खड्डा, वर्षानुवर्षे पाणी न घातलेला. अर्थिंग धड नसेल तर इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर चूक दाखवून बंद राहतो. फ्रीज आणि गीझर तेवढे शहाणे नसतात म्हणून इतकी वर्षे कोणाला कळले नव्हते. एवढ्या मोठ्या खरेदीची सुरुवात अंगणात खड्डा खणण्याने होते, हे जाहिरातीत नसते.

आणि गृहज्योती! कर्नाटक सरकार २०२३ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत देते. २०० ओलांडले की पूर्ण बिल. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी मोठी इलेक्ट्रिक गाडी दीडशे युनिट सहज खाते. म्हणजे आजवर शून्य बिल येणाऱ्या घराला गाडी आल्या महिन्यापासून सगळे बिल. पंचवीस लाख मोजणारा माणूस यावर तासभर घालवतो, आणि मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. फुकट मिळणारी वस्तू गेली की त्रास होतोच. उपाय आहे : चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यावा, ईव्हीचा दर सवलतीचा असतो. पण तोही आणखी एक अर्ज.

रस्त्यावरच्या चार्जिंगची भीती मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त बाळगतात. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांत कर्नाटक देशात आघाडीवर आहे, फक्त त्यांतली बहुतेक बेंगळुरूत आहेत. तरी बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर. ७९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला ते एका दमात जमते. घाटाचे गणितही तितके भयंकर नाही. दोन टनांची गाडी चोर्ल्याच्या पायथ्यापासून सुमारे आठशे मीटर वर चढवायला निव्वळ उंचीपोटी साडेचार युनिटांच्या आतच वीज लागते, आणि गोव्याकडे उतरताना त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. या पट्ट्यात पल्ल्याहून सर्व्हिसिंगची चिंता खरी : काही बिघडले तर गाडी कोल्हापूरला न्यायची की हुबळीला, आणि मधले आठ दिवस काय करायचे.

एक गोष्ट बेळगावचीच. उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत इंजिनांची कास्टिंगे ओतली जातात. महागडी गाडी घेऊ शकणाऱ्यांत हे फौंड्रीवाले पुढे आहेत, आणि इंजिन नसलेली गाडी सर्वत्र झाली तर त्यांच्याच ऑर्डरींवर पाणी पडणार. त्यांच्यापैकी अनेकांना हे नीट कळते. गाडी आवडते, पण सही करताना हात थोडा अडखळतो. उत्साह ओसरण्याचे हे कारण कुठल्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात बसणार नाही.

ग्रामीण भागात आणखी एक कालगणना चालते, उसाच्या बिलाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० साठी बसले आणि सरकारने ३,३०० वर तोड काढली. ज्याने बिलाच्या भरवशावर गाडी नोंदली होती त्याने त्या आठवड्यात गाडीचा विचार बाजूला ठेवला असेल तर ती घसरण नव्हे, शहाणपण.

यापेक्षा लांबची वाट पाहून हात हलवत परतलेलेही आहेत. मार्च २०१६ मध्ये टेस्लाची मॉडेल ३ जाहीर झाली तेव्हा काही भारतीयांनी हजार डॉलर भरून नोंदणी केली. गाडी आली नाही. मे २०२५ मध्ये कंपनीने ते पैसे परत करायला सुरुवात केली. भरताना डॉलर ६६ रुपयांच्या आसपास होता, परत मिळताना ८५ च्या. गाडीने नाही तरी रुपयाच्या घसरणीने थोडे व्याज दिले. त्याच वर्षी १५ जुलैला वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे शोरूम उघडले, मॉडेल वाय ५९.८९ लाखांपासून, आणि सप्टेंबरात पहिली गाडी महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. चॅटजीपीटीवाल्या सॅम ऑल्टमन यांनी २०१८ साली टेस्लाची रोडस्टर नोंदली होती. २०२५ मध्ये त्यांनी जाहीरपणे पैसे परत मागितले. पैशाला तोटा नसलेल्यांचीही हौस सात वर्षे टिकत नाही.

माझे मत असे. वाट पाहताना उत्साह कमी झाला म्हणजे गिऱ्हाईक चंचल आहे, असे कंपन्या आणि घरातली तरुण पोरे म्हणतात. ते चूक आहे. बुकिंग हा उत्साहाचा व्यवहार आणि खरेदी हा हिशेबाचा, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जायला माणसाला वेळ लागतोच. तो वेळ कंपनीच्या उशिराने फुकटात मिळतो आहे, तर वापरावा. ज्यांचे रोजचे फिरणे बेळगाव-निपाणी-कोल्हापूरएवढे आहे, घरात स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे, त्यांनी पुढच्या वर्षीच्या बॅटरीची वाट पाहण्यात अर्थ नाही. तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी मात्र थांबलेले बरे, कारण पुढची मॉडेले जुन्या गाडीचा भाव पाडत राहणार.

थांबायचेच असेल तर डिलिव्हरीची तारीख आणि ‘बुकिंगच्या दिवसाचीच किंमत’ हे दोन्ही लेखी घ्या. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात उलटे छापलेले असते. दिलेले टोकन परत मिळत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. हौस उरली नसेल तर पैसे परत मागा, त्यात कमीपणा नाही. उरली असेल तर शोरूमला फोन करण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि नोंदणीच्या आठवड्यात कराचा दर बेळगावच्या किंवा चिक्कोडीच्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा.